बोलता येईल असा रस्ता

आज सत्तरीच्या आसपास असलेल्या पिढीला सायकल नवी नाही. अंबरनाथची आयुध निर्माणी असो, विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना असो, की उल्हासनगरच्या कॅम्पांमधील लहानमोठे व्यवसाय असोत. कामावर जाण्याचे, मुलांना शाळेत सोडण्याचे आणि दळण आणण्याचे साधन अनेक घरांत तेच होते. पुढे स्कूटर आली, मग मुलांची मोटार आली आणि सायकल गॅलरीच्या कोपऱ्यात धूळ खात उभी राहिली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी गुडघे कुरकुरू लागतात, डॉक्टर व्यायाम करायला सांगतात, आणि मग एखाद्या सकाळी हीच माणसे म्हणतात, "सायकलची ट्यूब बदलून आणतो." घरातून उत्तर येते, "बाबा, या वयात नको."

हा संवाद पुष्कळ घरांत होतो आणि बहुधा तिथेच संपतो. वास्तविक दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नसते. ज्येष्ठांना हवी असते ती आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने घराबाहेर पडण्याची मोकळीक. मुलांना दिसतो तो खुब्याचा मोडका सांधा आणि रुग्णालयातले महिनाभराचे अंथरूण. पण मुलांच्या भीतीचा नीट शोध घेतला, तर तिच्या मुळाशी वयापेक्षा रस्ता अधिक असतो: काटई-बदलापूर मार्गावरची अवजड वाहने, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी, पावसाने उखडलेले खड्डे. म्हणून "सायकल चालवावी की नाही" या प्रश्नाआधी "कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या वेळी" हा प्रश्न घरात विचारला गेला पाहिजे.

त्याचे उत्तर शोधण्याची कसोटी सोपी आहे. ज्या रस्त्यावर शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येते तो रस्ता निवडावा, आणि ज्या वेगात धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येते त्या वेगाने जावे. या दोन अटी पाळता येत नसतील, तर त्या दिवशी सायकल बाहेर काढू नये.

सायकल काय देते, काय देत नाही

चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर येतो. सायकलवर तो भार मोठ्या प्रमाणात सीट पेलते आणि गुडघा गोलाकार, संथ गतीने फिरत राहतो. त्यामुळे सांध्यांच्या झिजेचा सौम्य त्रास असलेल्या अनेकांना चालण्यापेक्षा सायकल सुसह्य वाटते. मांडीचे पुढचे स्नायू बळकट होतात. खुर्चीतून उठताना आणि जिना चढताना त्यांचाच आधार असतो. हृदय, फुप्फुसे, रक्तातील साखर आणि झोप या सर्वांना नियमित मध्यम व्यायामाचा लाभ होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार पासष्टीपुढील व्यक्तींनीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. सायकल पहिल्या भागाची पूर्तता चांगली करते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, एवढ्यात १५० मिनिटे भरतात.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. सायकलवर शरीराचा भार हाडांवर पुरेसा येत नसल्याने हाडांच्या बळकटीसाठी ती पुरेशी नाही. हाडांचा ठिसूळपणा असलेल्यांनी, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांनी, चालणे आणि डॉक्टरांनी सुचवलेले ताकदीचे व्यायाम सोडून सायकल धरू नये, जोडीला धरावी.

शांततेचा शरीराशी संबंध

शांत रस्ता ही केवळ मनाची हौस नाही. वय वाढते तसे ऐकू येणे, मान वळवणे आणि अचानक घडलेल्या गोष्टीला प्रतिसाद देणे, ही तिन्ही कामे मंदावतात. तरुण सायकलस्वार मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकतो, मान वळवून पाहतो आणि त्याच क्षणी कडेला होतो. पंचाहत्तरीच्या व्यक्तीला यातील प्रत्येक पायरीला थोडा अधिक वेळ लागतो. गजबजलेल्या रस्त्यावर तेवढा वेळ मिळत नाही; शांत रस्त्यावर मिळतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना वाऱ्याचाच आवाज मोठा ऐकू येतो, म्हणून त्यांच्या दृष्टीने वाहनांची वर्दळ आणखी धोक्याची.

गोंगाटाचा रक्तदाबाशीही संबंध आहे. वाहनांच्या सततच्या आवाजाने शरीरातील ताणाची संप्रेरके वाढतात, आणि दीर्घकाळ अशा गोंगाटात राहणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका अधिक आढळतो. आपल्याकडील २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. दोन माणसांचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे ज्या रस्त्यावर बोलण्यासाठी ओरडावे लागते तो रस्ता ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेला असतो, आणि हे कळायला कोणत्याही यंत्राची गरज नसते.

तिसरी गोष्ट हवेची. व्यायाम करताना आपण विश्रांतीच्या कितीतरी पट हवा आत घेतो. धुरकट रस्त्यावर केलेला व्यायाम म्हणजे तेवढा अधिक धूर छातीत घेणे. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूर, धूळ तिथेच अडकते. औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्यांना काही पहाटे रसायनांचा वास येतो तो अशाच वेळी. तशा दिवशी ऊन थोडे वर येईपर्यंत थांबावे. वास गेला नाही, तर घरीच व्यायाम करावा. दमा किंवा श्वसनविकार असलेल्यांनी हा नियम कसोशीने पाळावा.

फ्रान्सने रस्ता कसा शोधला

ग्रामीण भागातील निवांत सायकलीसाठी फ्रान्स जगभर ओळखला जातो. तेथील रस्त्यांचे जाळे दहा लाख किलोमीटरांहून मोठे आहे. लांब पल्ल्याची बहुतेक वाहने द्रुतगती मार्गांवरून जात असल्याने खेड्यांना जोडणाऱ्या अरुंद डांबरी रस्त्यांवर गाड्या विरळ असतात. याच्या जोडीला त्यांनी आणखी एक गोष्ट केली: बंद पडलेले लोहमार्ग आणि कालव्यांकाठच्या जुन्या वाटा मोटारींना मज्जाव करून चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी खुल्या केल्या. त्यांना ते 'हरित मार्ग' म्हणतात. बर्गंडी प्रांतात जिव्री आणि क्ल्युनी या गावांमधील जुन्या लोहमार्गावर १९९७ साली असा मार्ग खुला झाला. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही आणि कालव्याला तर चढ नसतोच, त्यामुळे या वाटा सपाट आहेत. उतारवयातील गुडघ्यांना याहून सोयीचे काय असणार? मोटारचालकांनाही तेथे नियम आहे: वस्तीबाहेर सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर आणि वस्तीत एक मीटर अंतर ठेवायचे.

त्याच देशातील दोन माणसांची उदाहरणे ज्येष्ठांनी ऐकण्याजोगी आहेत. पहिले पॉल द व्हिव्ही. सेंट एत्येन या औद्योगिक शहरातील हे गृहस्थ 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत. १८८७ साली त्यांनी सायकलविषयक नियतकालिक सुरू केले आणि सायकलला गिअर असावेत, म्हणजे सामान्य माणसालाही चढ चढता येईल, हा आग्रह आयुष्यभर धरला. दूरच्या फेरीला निघणाऱ्यांसाठी त्यांनी घालून दिलेल्या नियमांचा आशय असा: भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, भूक आणि झोप उडेल इतके दमू नये, पहिल्या काही तासांत जोर लावू नये, आणि केवळ मोठेपणा मिरवण्यासाठी पायडल मारू नये. शंभर वर्षांनंतरही यातील एकही नियम कोणत्याही डॉक्टरला खोडावासा वाटणार नाही. डोंगरातील घाटरस्ते आयुष्यभर सायकलने पालथे घालणाऱ्या या माणसाचा मृत्यू १९३० साली झाला तो आपल्या शहराच्या गजबजलेल्या रस्त्यावर, ट्रामच्या धडकेने.

दुसरे रोबेर मार्शां. १९११ साली जन्मलेले हे गृहस्थ पासष्टी उलटल्यावर पुन्हा नेटाने सायकलकडे वळले. २०१२ साली, शंभराव्या वर्षी, त्यांनी एका तासात २४ किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले. दोन वर्षांनी, १०२ वर्षांचे असताना, २६.९ किलोमीटर. फ्रेंच संशोधकांनी त्या काळात त्यांच्या तपासण्या केल्या, तेव्हा शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. त्यांच्या सरावाचा मोठा भाग संथ गतीचा होता आणि विक्रम बंदिस्त धावपट्टीवर झाले, जिथे एकही मोटार नसते. मार्शां २०२१ साली १०९व्या वर्षी निवर्तले. हे उदाहरण अपवादात्मक आहे. त्यावरून कोणी आपले आकडे ठरवू नयेत. पण उतारवयात शरीर काहीच नवे शिकत नाही, हा समज मात्र त्याने नक्कीच खोटा ठरतो.

आपल्याकडच्या वाटा

आपल्याकडे असे आखीव हरित मार्ग नाहीत. निवांतपणा मिळवायचा तो जागा आणि वेळ यांची सांगड घालून.

उल्हासनगरच्या वाचकांची अडचण सर्वांत मोठी. जेमतेम १३ चौरस किलोमीटरांत २०११च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसे राहतात. अशा शहरात ज्येष्ठांनी रस्त्यावर सायकल चालवण्याचा आग्रह धरू नये. रोजच्यासाठी घरातली स्थिर सायकल आणि सकाळी मैदानातले चालणे पुरेसे आहे. आठवड्यातून एकदा मुलाच्या गाडीत किंवा छोट्या टेम्पोत सायकल टाकून बदलापूरच्या बाजूला जाता आले, तर रविवारची गर्दी टाळून मधला एखादा दिवस निवडावा. बदलापुरात नातेवाईक असतील, तर सायकल त्यांच्याकडेच ठेवणे अधिक सोयीचे.

अंबरनाथमध्ये प्राचीन शिवमंदिराच्या परिसरात पहाटे शांतता असते, पण फेरीसाठी जागा थोडी. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेले हे मंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. या नदीचा उगम काकोळे गावाच्या बाजूच्या डोंगरात होतो, जिथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळातले जीआयपी धरण आहे. गावाकडे पाण्याच्या रूपात निघालेली वालधुनी शहरात पोहोचेपर्यंत कशी होते, हे उल्हासनगरकरांना सांगायला नको. सायकलचेही तसेच आहे: उगमाच्या दिशेने जावे तसा आवाज आणि धूर कमी होत जातो. चिखलोली आणि काकोळे यांच्या बाजूचे रस्ते म्हणूनच पाहण्याजोगे; मात्र वाटेत औद्योगिक वसाहतीची वाहने लागतात का, हे आधी तपासावे.

बदलापूरकर या बाबतीत भाग्यवान. पूर्वेला भोज धरणावरून कोंडेश्वरच्या मंदिराकडे जाणारा रस्ता, पश्चिमेला उल्हास नदीवरील बॅरेज आणि सोनिवलीची बाजू, आणि मूळगाववरून बारवी धरणाकडे जाणारा झाडीचा रस्ता, अशा तीन दिशा त्यांना उपलब्ध आहेत. बारवीच्या रस्त्याला चढउतार आहेत, म्हणून सुरुवात तिथून करू नये. नवी बांधकामे सुरू असलेल्या भागात डंपरची ये-जा सुरू होण्याआधी घरी परतावे. कर्जतकडे जाणारा मोठा रस्ता कितीही रुंद आणि गुळगुळीत दिसला, तरी तो ज्येष्ठ सायकलस्वारासाठी नाही.

ऋतूचाही विचार हवा. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चनंतर साडेसहा-सातच्या आत बाहेर पडून आठपर्यंत परतावे. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर तापते आणि ते लवकर लक्षातही येत नाही. पावसाळ्यात रस्त्यावरची सायकल पूर्ण बंद ठेवावी. शेवाळलेल्या कडा, पाण्याखाली लपलेले खड्डे आणि कोंडेश्वर-बारवीकडे लोटणारी पर्यटकांची वाहने, या तिन्हींमुळे तोच शांत रस्ता अवघड होतो. नदीकाठच्या सखल भागाचे तर विचारूच नये. जुलै २०१९मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती, हे सर्वांना आठवत असेल.

रस्ता निवडण्याचे काम काळजीवाहकाने करावे. ज्या वेळी फेरी मारायची त्याच वेळी, त्याच वारी, तिथे जाऊन दहा मिनिटे उभे राहावे आणि सोबत्याशी नेहमीच्या आवाजात गप्पा माराव्यात. वाहनांमुळे बोलणे पुन्हा पुन्हा थांबवावे लागले, तर दुसरा रस्ता पाहावा. मोकाट कुत्री किती आहेत, कडेला थांबायला जागा आहे का, मोबाइलला रेंज येते का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नये. थांबून खाली उतरावे, सायकल मध्ये धरावी आणि सावकाश चालत पुढे जावे.

शरीराची तयारी

हृदयविकार, पक्षाघात, फिट्स, चक्कर येणे, काचबिंदू किंवा कंपवात असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज रस्त्यावर सायकल चालवू नये. गेल्या वर्षभरात दोन वेळा पडलेल्या व्यक्तींनी आणि हाडे बरीच ठिसूळ असलेल्यांनी स्थिर सायकलच वापरावी. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच, आणि तेही आधी स्थिर सायकलवरून, सुरुवात करावी.

तोलाची एक साधी चाचणी घरी करता येते. भिंतीजवळ, सोबत कोणीतरी असताना, एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे. ब्राझीलमधील ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १,७०० व्यक्तींच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे न जमणाऱ्यांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ तोल गेला की आयुष्य संपले असा नाही. एकंदर प्रकृतीकडे लक्ष देण्याची ती सूचना आहे. दहा सेकंद जमत नसतील, तर स्वयंपाकघरातील ओट्याला धरून रोज सराव करावा आणि तोवर रस्ता टाळावा.

औषधांचा विचार वेगळा करायला हवा. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी व्यायामातही फारशी वाढत नाही, म्हणून त्यांनी मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबू नये. बोलता येते का, हीच कसोटी धरावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असताना डोक्याला किरकोळ मार लागला, तरी घरी न थांबता रुग्णालयात जावे. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, अचानक धाप किंवा घेरी, यांपैकी काहीही जाणवले तर लगेच उतरून बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. "घरापर्यंत जाऊ, मग पाहू" हा विचार घातक ठरतो.

सायकल आणि चढउतार

ज्येष्ठांचे पडणे पुष्कळदा धावत्या सायकलवरून होत नाही. ते चढताना आणि उतरताना होते. तारुण्यातली टांग मारण्याची सवय आता सोडावी. आडवा दांडा नसलेली, ज्यातून पाय सहज पलीकडे जाईल अशी सायकल घ्यावी. तिला कोणी लेडीज सायकल म्हणो वा आणखी काही, पुरुषांनीही ती वापरण्यात संकोच बाळगू नये. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील एवढीच सीट उंच ठेवावी. टायर थोडे रुंद, ब्रेक दोन्ही चाकांना उत्तम, गिअर असतील तर सर्वांत हलका. उजव्या हँडलला आरसा लावावा, म्हणजे मान पुन्हा पुन्हा वळवावी लागत नाही. सीट मऊ आणि रुंद असावी. मांड्यांमध्ये बधिरपणा जाणवला, तर उतरून थोडे चालावे आणि सीटचा कोन बदलून घ्यावा. हेल्मेट घालावे आणि कपडे फिकट, उठून दिसणारे असावेत. साडीचा पदर, ओढणी किंवा लेंग्याची नाडी चेनमध्ये अडकणार नाही, याची खात्री करावी.

पहिला आठवडा सोसायटीच्या आवारात काढावा. तिथे फक्त तीन गोष्टींचा सराव करायचा: चढणे, थांबणे, उतरणे. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटे जाणे आणि दहा मिनिटे येणे. किलोमीटर मोजू नयेत, मिनिटे मोजावीत. जाताना वारा पाठीशी किंवा उतार पुढे असेल, तर परतीचा विचार आधी करावा. दुसऱ्या दिवशी नेहमीची कामे करताना अंग मोडून आले नाही, म्हणजे मात्रा योग्य आहे असे समजावे.

घरच्यांशी ठराव

नुसती मनाई केल्याने हौस संपत नाही. ती लपूनछपून पुरी केली जाते, आणि तेव्हा सोबत कोणी नसते. त्यापेक्षा ठराव करावा. ज्येष्ठांनी ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि परतण्याची वेळ पाळावी, मोबाइल आणि खिशात नाव, औषधे व घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. अंगात कणकण असेल किंवा रात्री झोप झाली नसेल, तर त्यांनी स्वतःच नाही म्हणावे. घरच्यांनी सुरुवातीचा महिनाभर सोबत जावे आणि दर पाच मिनिटांनी फोन करू नये. हँडल सोडून फोन घेण्यातच पडण्याचा धोका असतो. तीन महिन्यांनी दोघांनी मिळून पुन्हा विचार करावा. एक दिवस सायकल थांबवावी लागणारच. तो निर्णय अपघाताने घेण्यापेक्षा आपसांत बोलून घेतलेला बरा.

ज्यांना पायडल मारणे आता शक्य नाही, त्यांच्यासाठीही शांत रस्त्याचे दार बंद नाही. कोपनहेगनमध्ये २०१२ साली ओले कासो या गृहस्थांनी वृद्धाश्रमातील ज्येष्ठांना पुढे आसन असलेल्या तीनचाकी सायकलमध्ये बसवून फिरवायला सुरुवात केली, आणि पुढे ही चळवळ अनेक देशांत पसरली. त्यांचा आग्रह एवढाच, की केसांतून वारा वाहू देण्याचा हक्क वयाबरोबर संपत नाही. आपल्याकडे तशी सायकल नसली, तरी ओळखीचा रिक्षावाला असतो. पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशामुळे महिनोन्‌महिने चार भिंतींत असलेल्या आईला किंवा आजोबांना एखाद्या मंगळवारी सकाळी संथ गतीने भोजच्या बाजूला न्यावे, इंजिन बंद करून वीस मिनिटे झाडाखाली थांबावे. त्या वीस मिनिटांत निगा राखणाऱ्यालाही श्वास घ्यायला मिळतो. त्याच्या प्रकृतीचा विचार घरात फारसा कोणी करत नसतो.

पुढील अंकापर्यंत करण्याचे काम छोटे आहे. सायकल दुरुस्तीला टाकण्याआधी घरातल्या दोघांनी मिळून एका सकाळी आपल्या जवळचे दोन रस्ते पाहून यावेत आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे बोलत उभे राहावे. यांपैकी एक रस्ता मिळाला, तर ट्यूब बदलायला हरकत नाही.